करंगळीवरची बॅटरी

२५ मार्च, मंगळवार

आज सख्ख्या बापाला फसवलं. चारचौघांत, देवळापुढं. करायला नको होतं. पन केलं.

झालं असं — वलवणच्या बंगल्यातल्या सेठच्या लाल स्पोर्ट्स कारची जुनी बॅटरी काढली. शिशाची. भरल्या हंड्यासारखी जड. तिच्या जागी लिथियमची बसवायची. नवी कामशेतला कुरिअरवाल्याकडं आलती. त्याच खाचेत बसायची म्हनून डबा तसाच काळा, तेवढाच मोठा, वर तसंच हँडल. वजन मात्र भाकरीच्या टोपलीएवढं. आमच्या गॅरेजवाल्या गोविंदाभाऊंनी मला पिकअप देऊन आनायला पाठवलं. जुनी अजून पिकअपातच होती, तवा दोन्ही बॅटऱ्या मागं. वाटंत आमचं गाव. आन माझ्या डोक्यात किडा.

देवळापुढं आबा बसलेले, शेजारी हौशीराम नाना आन चार म्हातारी. आबा जुने पैलवान. जत्रंला देवळापुढची दगडी गोटी, पैलवानांनी उचलायचा गोल धोंडा, खांद्यावर घ्यायचा पहिला मान आमच्या घराचा. आबांनी तो एक वरीस चुकवला न्हाई. मला रोज ऐकवायचे, "तुझ्या हातात जीव न्हाई. मोबाईल उचलतो तेवढंच."

म्हनून मी नवी बॅटरी करंगळीत अडकवली, खांद्यापत्तुर नेली, वर शिट्टी मारली. परत पिकअपात ठेवली आन "आबा, तुमी बघा" म्हनत जुनी कडेला सरकवली.

आबांनी करंगळी घातली. हलंना. तोंड लाल. मग दोन्ही हात लावले तवा कुटं उचलली.

"बजरंगा, पोरगं पुढं गेलं की रं," हौशीराम नाना म्हनले. "आता तू नातवंडं खेळव."

सगळी हसली. मी पन. आता खरं सांगनार, तेवढ्यात आबांनी माझा दंड दाबून बघितला. माझ्याकडं असं कवाच बघितलं नव्हतं. माझं तोंड तितंच शिवलं.

जेवताना त्यांचा दुधाचा तांब्या माझ्यापुढं आला. पैलवानाचा तांब्या, आजवर कुनाला हात लावू दिला नव्हता. आईला म्हनले, "नंदे, पोरगं बापापेक्षा दांडगं निघालं."

दूध गोड लागलं. हीच तर भानगड हाय.

२७ मार्च

बॅटरी बसवली. सेठ खूश. म्हने गाडीचं नाक हलकं झालं, आता घाटातल्या वळनाला बघ कशी फिरती. ही मानसं वजन कमी झालं म्हनून नाचतात. आमच्याकडं वजन उचलनाऱ्याला मानाचा नारळ.

३० मार्च, पाडवा

देवळात गुढी उभी राह्यली आन आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "औंदा गोटी सनी उचलंल."

सनी म्हंजी मी. घरी येताना विचारलं त्यांनी, "काय बोलायचंय का?"

"न्हाई."

३ एप्रिल

पहाटं जाऊन गोटीला हात घातला. डोंगराला घातल्यासारखा. जरा सुदिक हलली न्हाई. मागं बघतो तर आबा.

"पाठ नको लावू. मांडी लाव."

घरी आल्यावर खांद्याला तेल चोळलं. मारायचं सोडून त्यांचा हात अंगाला लागला, त्याला किती वर्षं झाली असतील. चोळता चोळता परत, "सनी, मनात काय हाय का?"

जिभंवर आलतं. गिळलं. सांगितलं असतं तर तो हात काढून घेतला असता ना.

९ एप्रिल

उद्या सांगतो.

१० एप्रिल

न्हाई सांगितलं.

१६ एप्रिल, जत्रा

पळालो. गाडी धुवायची म्हनून वलवणच्या बंगल्यावर आलो. फोन बंद. त्या लाल गाडीत बसून राह्यलो. स्टेअरिंगला हात लावून, लहान पोरं बसतात तसा.

आता फोन चालू केला. चुलतभावाचा, आदिनाथचा मेसेज — कुटं मेलास. तळेगावला ये. आबा.

१७ एप्रिल

दवाखाना. आदिनाथनं सांगितलं. देवळापुढं माझं नाव पुकारलं, परत परत पुकारलं. लोकं कुजबुजाया लागली. तवा आबा उठले. टोपी आईच्या हातात दिली आन म्हनले, "पोराला सेठनं अडकवलं आसंल. मान रिकामा न्हाई जाऊ द्यायचा."

गोटी खांद्यावर घेतली. पुरी. खाली ठेवली, नारळ घेतला, आन बसले ते उठलेच न्हाईत. लकवा. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

"तू पायजे होतास," आदिनाथ म्हनला. "तुला काय, करंगळीचं काम."

२० एप्रिल

आई चहाला गेली तवा आबांच्या कानात सगळं सांगितलं. दोन बॅटऱ्या, शिट्टी, पळालो ते. नाक पुसत सांगितलं.

आबा बघत राह्यले. मग डावा हात हळूहळू उचलला आन करंगळी वर केली. माझ्या तोंडापुढं धरली. मी येड्यावानी नर्सला हाक मारली, "ताई, भांडं आना, त्यांना लघवीला लागली."

आबा अर्ध्या तोंडानं हसले. करंगळी खाली घेईनात.

२४ एप्रिल

आबा गेले.

२८ एप्रिल

गोविंदाभाऊ भेटायला आले. वट्यावर बसले, उगंच टोपी फिरवत.

"बजरंगभाऊ गॅरेजला आलते, तुला म्हाईत हाय का? तू देवळापुढं करंगळी दाखवलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तू चहा आनायला गेलतास. नवी बॅटरी टेबलावर होती. त्यांनी करंगळीत अडकवली, उचलली आन लय हसले. म्हनले, बेनं माझ्यावरच गेलंय, तालमीत मी असल्याच खोड्या करायचो. त्याला सांगू नको, गोविंदा. सोताहून सांगंल. मी वाट बघतो."

वाट बघतो.

म्हनून पाडव्याला माझं नाव घेतलं. म्हनून तेल चोळताना विचारलं. आन त्या दिवशी लघवीला लागली नव्हती.

३ मे, दहावा

नदीवरनं आल्यावर आई बायकांना सांगत बसली, "जत्रंच्या सकाळपत्तुर एकच म्हनत होते, नंदे, पोरगं बापापेक्षा दांडगं निघालं." सांगताना हसली. आबा गेल्यापास्नं पहिल्यांदा.

सगळं म्हाईत असून तिला तेच सांगत राह्यले. आता तिच्यापाशी तेवढंच हाय.

ही वही चुलीत घालायला गेलतो, हात धजला न्हाई. कुनाच्या हाती लागली तर मला काय वाटंल ते म्हना. पन आईला सांगू नका. कुनालाच नका. पाया पडतो.