बंद होतानाची शेवटची ओळ

३ फेब्रुवारी
कट्ट, कडकट्ट. मळवली स्टेशनात वडील तारयंत्रावर बसत. बाकावर शाळेची कविता घोकताना मी त्याच ठेक्यावर मान डोलवायचो. आज इतक्या वर्षांनी पुन्हा मळवलीत उतरलो, तर कानात तोच ठेका. पुण्यात संगणकाचा धंदा करणाऱ्या प्रज्ञेशने आपल्या इथल्या बंगल्याची राखण माझ्यावर सोपवली आहे. समोर भातखाचरं, मागे डोंगर. म्हातारपणी आणखी काय हवं?

५ फेब्रुवारी
तळघरात प्रज्ञेशचे सर्व्हर आहेत, लिनक्सवाले. बंद होताना मध्येच अडकतात. का, ते कळत नाही, कारण नोंदी लिहिणारा आतला प्रोग्रॅम, म्हणजे कारकूनच, आधी उठून जातो. मागाहून घडलेलं अलिखित राहतं. म्हणून त्याने केबल ओढून वर माझ्या खोलीत एक छोटा संगणक जोडलाय. सर्व्हरच्या शेवटच्या श्वासापर्यंतच्या ओळी त्यात उतरतात. रीबूट झाला, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की त्या प्रज्ञेशला फोनवर वाचून दाखवायच्या, एवढंच माझं काम. तळघराचं दार आणि पंखाही सर्व्हरच्याच ताब्यात. तो बंद झाला की दार लागतं. तेव्हा आत थांबायचं नाही, अशी ताकीद आहे.

९ फेब्रुवारी
पहिला रीबूट. इंग्रजी ओळी पाठांतराच्या चालीत सरकल्या. अगदी शेवटी मराठीत एकच शब्द: येतो. मला हसू आलं. निघताना ‘जातो’ म्हणू नये, हे यंत्रालाही कुणी शिकवलेलं दिसतं. प्रज्ञेशला सांगितलं. त्याने घाईने फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी
कुरवंड्याची कस्तुराबाई झाडायला येते. तिला गंमत म्हणून सांगितलं, तर हातातला झाडू थांबला. तिचा मुलगा नवसू इथंच कामाला होता. तळघरात मेलेला सापडला. डॉक्टरांनी छातीची कळ लिहिली. म्हणाली, आबा, माजा नवसू कंदी येतो म्हनायचा न्हाई. जातोच म्हनायचा, लय शिव्या खाल्ल्या त्यापायी. आता येतो म्हनतोय म्हंजी येतोय. कुणाला न्यायचं ते त्याला ठावं हाय.
मला वाटलं रडेल. ती हसली.

१५ फेब्रुवारी
पुन्हा रीबूट. इंग्रजी संपल्यावर—
दार लागलं.
साहेबांना फोन केला. थांब म्हनले, काम चालू हाय.
हवा न्हाई.
येतो.
प्रज्ञेशला वाचून दाखवलं. हे पोलिसांना द्यावं लागेल, म्हणालो. त्याने फार मऊ आवाजात विचारलं, आबा, आणखी कुणाला दाखवलंत का. नाही म्हणालो.

१६ फेब्रुवारी
सकाळी त्याचा पुण्याहून फोन. खाली जाऊन केबल तेवढी काढा, सर्व्हर चालूच राहील, काळजी नको.
गेलो. केबलला हात लावतोय तोच दार लागलं. पंखा थांबला. पुण्यात बसून प्रज्ञेशनेच सर्व्हर बंद—

फोन उचलत नाही. वही खिशात होती म्हणून हे लिहितोय. मोबाइलचा उजेड.

धीर यावा म्हणून कविता आठवतोय. एकही ओळ नाही.

हवा जड—

बाहेर पावलं. कस्तुराबाई असेल. हाक मारली. ओ नाही.

दार उघडलं. प्रज्ञेश. आत्ता तर पुण्यात— अनवाणी, पाय रक्ताळलेले. डोळे त्याचेच, भ्यालेले, माझ्याकडे गयावया करणारे. पण ओठांतली बोली त्याची नाही, कस्तुराबाईच्या घरची. म्हणतो, आबा, तुमी भायेर व्हा. ह्याला हितंच—