मामा मटणासाठी थांबले

सौ. भागीरथीस, बाळकुमहून सगुणाचा रामराम.

भाजीबाजारात स्वतःचं पोर टेकवून पिशवी तेवढी घरी आणणारी तू. माझ्या पत्राला उत्तर द्यायला विसरलीस यात नवल ते काय? तुझे गुडघे कसे आहेत? माझे होते तिथेच आहेत. (पत्र माझी नात सरोज लिहितेय. कुठे खोडलेलं दिसलं तर ते तिचं काम.)

या सरोजचं तिच्या कोलशेतच्या कंपनीतल्या पोपटशी जमलंय. पोरगा डोंबिवलीचा, माणसं तुमच्या साताऱ्याकडची. गेल्या रविवारी त्याची आई आणि मामा मुलगी बघायला आले. मी खाडीतला जिताडा आणवला, चांगला हातभर. अर्धा तळला, अर्ध्याचं कालवण. आम्हा कोळ्यांत याच्या वर पाहुण्याचा मान नाही. मामा मात्र एक तुकडा खाऊन थांबले, आणि अर्धी भाकरी ताटात राखून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. मला वाटलं सरोजला शोधतायत, म्हणून मी तिला दोनदा उगाच पाणी घेऊन बाहेर पाठवली. (हसू नको, लिही.) शेवटी मी पानसुपारी पुढे केली, तेव्हा मामा हळूच म्हणाले, "आजी, मटण अजून शिजायचंय का?"

आता काय सांगू? आमच्याकडे मटण म्हणजे एकतर हळद, नाहीतर देवीचा मान. लग्न ठरायच्या आधी शिजवलं तर गाव म्हणेल, म्हातारीला पोरगी जड झाली. तुमच्याकडे मटण म्हणजे पाहुण्याला नुसतं 'या, बसा'. तेही बोकडाचंच, कोंबडी धरत नाहीत, आणि मासळी म्हणजे तोंडी लावणं. म्हणजे बघ, आमचं लग्न ठरलं की मटण, आणि त्यांचं मटण झालं की लग्न. दुसऱ्या दिवशी पोपट तोंड पाडून आला. मामा म्हणतात, ज्या घरात साधं मटण विचारत नाहीत तिथे सोयरीक नको. तेव्हापासून सरोज जेवत नाही. (जेवते म्हणतेय. मग चोरून जेवत असेल.)

मी निरोप धाडला, येत्या रविवारी परत या, मटण आहे. येतो म्हणाले, लगेच.

तुझी सगुणा (अंगठा माझाच.)

ता. क. महिपत खाटकाला सांगून घरी येते तोवर सगळी आळी दारात, हळद कधी म्हणून. मी तारीख सांगून टाकली. आता मामांना मटण आवडलंच पाहिजे.

आणखी एक. शनिवारच्या आत तुझा काळा मसाला पाठव. आणि बाजरीचं पीठही. आमच्या तांदळाच्या भाकरीला मामा रुमाल म्हणाले.