फोर्कलिफ्टचे पांढरे टायर

३ नोव्हेंबर
...तर त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. पिंप भरलं, चटणी वाटली, कपडे वाळत घातले. डबा उचलताना हे म्हणाले, फोर्कलिफ्टचे टायर बदलायला हवेत. म्हटलं, बदलू. टायर बदलायच्या आत हे गेले. दीड वर्ष झालं.
भाड्याने द्यायला मशीन हे एकच. बिस्किट कंपनीचं काम मिळालं नाही, तर विकावं लागेल. उद्यापासून टायरचा अभ्यास.

६ नोव्हेंबर
अभ्यास पूर्ण. हवेचे टायर खडबडीत जागेसाठी. भरीव रबराचे पंक्चर होत नाहीत, पण काळे असले तर फरशीवर पट्टे ओढतात. कंपनीची फरशी पांढरी. म्हणून भरीव आणि पांढरे. ड्रायव्हर मुकेश म्हणाला, वहिनी, पांढरे लवकर झिजतात. म्हटलं, वाचलंय.

९ नोव्हेंबर
उल्हासनगरला टायर बसवले. दुकानातले शेठ म्हणाले, भाभीजी, आप तो इंजिनियर हो गयी. मी असल्या बोलण्याकडे लक्ष देत नाही. अंबरनाथ येईपर्यंत तेच आठवत होतं.

१२ नोव्हेंबर
टायरची पूजा. घरात कुंकू नव्हतं, शेजारच्या माईंकडून आणलं. मुकेश म्हणाला, स्टीअरिंगला एक बोट लावा, बास. कंजूष. मी चारही टायरवर समोरून दिसतील अशी पाच-पाच बोटं ओढली. जाऊ नये म्हणून तेलात कालवलं. हे नुसतं पाण्यात कालवायचे.

१३ नोव्हेंबर
उद्या कंपनीत ट्रायल. मुकेश म्हणतो, चालवत नेतो. म्हणजे टायर काळे, कुंकूही गेलं. मी ट्रक सांगितला. इतका पुढचा विचार कोण करतं?

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
मशीन आत गेलं. दारापासून शेवटच्या रॅकपर्यंत फरशीवर लाल बोटं. थोडं अंतर सोडून पुन्हा लाल बोटं. टायरने एकही डाग पाडलेला नाही, हे मी तिथल्या सुपरवायझर कीर्ती मॅडमना नीट समजावलं. त्या म्हणाल्या, मग ही काय लक्ष्मीची पावलं आहेत का, काकू? मुकेश तोंड फिरवून हसला.
उद्या फरशी स्वच्छ झाली तर मशीन ठेवतील. नाही तर ट्रक बोलवा म्हणाल्या.
परतताना मुकेश म्हणाला, वहिनी, टायर मात्र बरोबर निवडलेत.

१६ नोव्हेंबर
काल भांड्यांचा साबण आणि चिंध्या घेऊन गेले. गुडघ्यांवर बसून दारापासून एकेक बोट कुंकू पुसलं. शेवटी टायरवरचंही पुसलं, आणि मशीन कंपनीच्या कामावर मुकेशच्या हाती देऊन घरी आले.