पुलापाशी लपवलेली गाडी

रविवार, ११ नोव्हेंबर १९८४

प्रिय मातोदादा,

येशू-मरियेची स्तुती असो. तू, वहिनी आणि मुली बऱ्या असाल. आज संत मार्टिनचा सण. तुमच्याकडे हंस भाजला असेल. खाण बंद पडल्यापासून हंस परवडत नसेल तर कोंबडी तरी. इथे हा सण कुणाच्या गावी नाही. सकाळी आयनारबरोबर त्यांच्या ल्यूथरन चर्चला जाऊन आले. घरी आल्यावर बटणांच्या डब्यातली जपमाळ काढली आणि कोठीत उभ्या उभ्या म्हटली. सोळा वर्षं तशीच म्हणते.

कागद बघून हसू नकोस. पेंडीच्या दुकानाच्या कॅलेंडरची मागची बाजू कोरी असते, ती टाकवत नाही.

इथे बर्फ लवकर पडलं. आयनारची पाठ धरली आहे, तरी वासरं खाली आणायला स्वतःच गेला. विहिरीचा पंप दोनदा गोठला. मी ठीक आहे.

तुझं चार ओळींचं पत्र शुक्रवारी मिळालं. "तुझ्या नवऱ्याने स्तिपेकाकांवर घुसखोरीचा खटला भरलाय. त्यांच्या डाव्या पायाची तीन बोटं कापली. ते म्हणतात, परवानगी मागितली होती, कुणी बाई होती, चेहरा आठवत नाही. तुला काही माहीत आहे का?" एवढंच. ना प्रिय, ना आशीर्वाद. तुझ्या रागाला माझी हरकत नाही. उत्तर देते, पण आधी थोडं दुसरं लिहू दे.

चार वर्षांपूर्वी तू एल्कच्या शिकारीला येऊ का म्हणून विचारलंस आणि मी 'येऊ नकोस' एवढंच लिहिलं. कारण दिलं नाही. कारण तुझ्या गाडीच्या पाटीवर होतं. पाटीवर सुरुवातीलाच जिल्ह्याचा आकडा घालायची बुद्धी सरकारला कुणी दिली कोण जाणे! आपला आकडा दिसला की या खोऱ्यातले लोक गाडीकडे असे बघतात, जशी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी कोल्हीण दिसावी. "खाणवाले आले, कालवडी मोजून ठेवा." "त्यांना एल्क आणि गाय यांतला फरक गाय मेल्यावर कळतो." चर्चच्या कॉफीला हे विनोद होतात आणि मी सगळ्यांचे कप भरत असते.

उगाच बोलतात असंही नाही, दादा. खाण बंद झाली त्या हिवाळ्यात आपल्याकडचे लोक टोळीने आले. दोन कुंपणं कापली, फाटकं उघडी टाकली. टॉलेफसनांची एक कालवड मारून मागचे पाय तेवढे नेले. ज्यांनी केलं ते चार-पाच असतील. नाव सगळ्या गावाचं झालं. शेतवाल्यांनी सभा घेतली आणि त्या आकड्याच्या गाडीला कुणीच आत सोडायचं नाही असं ठरवलं. ठराव आयनारनेच मांडला.

मी कुठली हे इथे कुणाला माहीत नाही. लग्न झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हेलेना शहरातली म्हणून सांगू, तिथे नोकरीला होतीसच की." आयनार काही बोलला नाही, मीही नाही. तेव्हापासून मी हेलेनाची कॅथरिन.

इथली एक रीत तुला सांगायला हवी. शिकारी आधी स्वयंपाकघराच्या दाराशी येतो, टोपी काढतो, परवानगी मागतो. घरची बाई खिळ्याला टांगलेल्या वहीत त्याचं नाव, गाडीचा आकडा आणि वेळ लिहिते. मग तो आत जातो. आमच्या घरची वही मी लिहिते. बारा वर्षांत एक नाव चुकलं नाही. शेजारी म्हणतात, ब्रेक्केबाईच्या वहीत नाही तो माणूस जन्मलाच नाही.

त्याच वहीवर खटला उभा आहे. आयनार शेरिफला म्हणाला, "कॅथरिनच्या वहीत नाव नाही. म्हणजे तो दाराशी आलाच नाही."

आला होता, दादा.

सत्तावीस ऑक्टोबर, शनिवार, सकाळचे नऊ. ग्लॅडिस टॉलेफसन माझ्या स्वयंपाकघरात गोधडीचे तुकडे मांडून बसली होती, जिची कालवड गेली तीच. आयनार वर कुरणात होता. दार वाजलं. उघडलं तर स्तिपेकाका. केवढे वाकलेत! हातात कागदात गुंडाळलेली पोवितिका, जेलाकाकूच्या हातची, अक्रोड भरलेल्या गोड पावाचा वास कागदाबाहेरूनच येत होता. मागे त्यांची निळी गाडी आणि तिच्यावर तो आकडा.

"कता!" म्हणाले, आपल्या भाषेत. "पोरी, तूच ना ग?"

मी बाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं. इंग्रजीत म्हटलं, "काय हवंय आपल्याला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. ज्यांनी बाप्तिस्म्याला मला हातावर धरलं होतं, ज्यांनी बाबांना ढिगाऱ्याखालून पाठीवर घालून वर आणलं होतं, त्या माणसाने टोपी काढली आणि मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "मॅडम, एका एल्कची परवानगी मिळेल का? फाटकं लावून घेईन."

त्यांनी आरडाओरडा केला असता तरी मला चाललं असतं. ते मॅडम म्हणाले.

मी म्हटलं, जा. वरच्या नाल्याच्या बाजूने जा. पण गाडी इथे नको, फाटकापाशीही नको. खाली पुलापाशी विलोच्या झाडीत लावा म्हणजे रस्त्यावरून दिसणार नाही. पूल चार मैलांवर आहे. ते म्हणाले, "बरं, मॅडम." पोवितिका माझ्या हातात दिली आणि गेले. वही खिळ्याला तशीच राहिली. ग्लॅडिससमोर तो आकडा कसा लिहिणार होते?

"कोण होतं ग?" ग्लॅडिसने विचारलं.

"रस्ता चुकलेला कुणीतरी," मी म्हटलं.

पोवितिका मी सरपणाच्या पेटीत लपवली. ग्लॅडिस निघून गेल्यावर कोठीत उभ्याने सगळी खाल्ली. सगळी, दादा. ते लिहायला मला सगळ्यांत लाज वाटते.

दुपारी बर्फाचं वादळ आलं. गाडी जवळ असती तर ते गाडीत येऊन बसले असते. चार मैल त्या वाऱ्यात त्यांना जमलं नाही, ते रात्रभर गवताच्या जुन्या गंजीत शिरून राहिले. पायाची बोटं तिथेच गोठली. मी खिडकीशी उभी राहून वाटेल ते मनाला सांगत होते: गेले असतील, पोचले असतील. आयनारला मात्र सांगितलं नाही की वर माणूस आहे.

रविवारी आयनारला पुलापाशी गाडी दिसली. लपवलेली गाडी, आपला आकडा. आणखी पुरावा काय लागतो? त्यानेच माग काढला, त्यानेच त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं, दुखऱ्या पाठीवर. आपल्या कोटात गुंडाळून त्यांचे पाय पोटाशी धरून बसला होता. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तक्रार लिहून आला. तो वाईट माणूस नाही. त्याला वाटतं, नियम मोडणाऱ्याचाही जीव वाचवावा आणि जीव वाचलेल्यालाही नियम लावावा.

बुधवारी दुपारी दोनला सुनावणी आहे. दोष लागला तर त्यांचा शिकारीचा परवाना जाईल. तुम्ही सगळे हिवाळाभर कशावर जेवता ते मला ठाऊक आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे मरेपर्यंत ते 'न विचारता घुसलेले' राहतील. माझं नाव घेतलं तर ते सुटतात. घेत नाहीत. चेहरा आठवत नाही म्हणतात. दादा, त्यांना आपली आजी तरुणपणी कशी दिसायची तेसुद्धा आठवतं!

मंगळवार

हे पत्र रविवारी टाकायचं धाडस झालं नाही. आज गोठ्यात आयनारला सगळं सांगितलं. तो लगामाचा पट्टा शिवत होता. सुई थांबली नाही.

"तेव्हा घरात कोण होतं?"

"ग्लॅडिस."

"तिने बघितलं?"

"नाही."

"मग झालं तर." पट्टा उलटा करून म्हणाला, "तू मला सांगितलंस. देवाने ऐकलं. कोर्टाला कशाला?"

"तक्रार मागे घे, आयनार."

"आणि लोकांना काय सांगू? ठराव मी मांडला आणि माझ्याच बायकोने माझ्याच दारातून माणूस आत सोडला? का, ते विचारतील. मग तू कुठली, तेही विचारतील. सोळा वर्षं आपण त्यांना हसतोय असं वाटेल त्यांना."

"हसत नव्हते मी."

त्याने दातांनी दोरा तोडला. "उद्या रस्ता खराब असणार. तू घरीच थांब." घरात आल्यावर ट्रकच्या किल्ल्या खिळ्यावरून काढून त्याने खिशात घातल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी भांडले नाही. बटाटे सोलले. गुडघे टेकून प्रार्थना करायला गेले तर शब्द सुचेनात. नुसतं 'बरं, मॅडम' ऐकू येत राहिलं.

बुधवार, सकाळ

ऑरव्हिल टपाल घेऊन दहाला आमच्या फाटकाशी येतो आणि बाराला जिल्ह्याच्या गावी पोचतो. त्याच्या गाडीत पोत्यांशेजारी एक माणूस बसेल एवढी जागा असते. काल मी त्याला विचारून ठेवलं. "दात दुखतो का?" म्हणाला. मी हो म्हटलं. अजून एक खोटं, पण आजचं शेवटचं असावं.

वही बरोबर घेतली आहे. तिच्यात काही लिहिलेलं नाही. लिहायचा मोह झाला होता, सत्तावीस तारखेच्या पानावर पेन टेकवलंही. पण खाली पुढच्या दिवसाची नावं आली आहेत, मध्ये ओळ मोकळी नाही, आणि मागाहून घुसवलेलं नाव म्हणजे काकांवर दुसरा डाग. जे वहीत नाही ते मला तोंडाने सांगावं लागेल, ग्लॅडिससमोर. ती आणि निम्मं खोरं येणार आहे. कुठली ते विचारतील. सांगेन.

तिथून मी परत कुठे जाईन ते मला दिसत नाही. आयनार फाटक उघडेल की नाही, खरंच माहीत नाही. हे पत्र जिल्ह्याच्या गावी टाकते. तुला मिळेपर्यंत निकाल झालेला असेल. कदाचित पत्रापाठोपाठ मीच तुझ्या दाराशी उभी असेन. घरात घ्यायच्या आधी हे वाच, मग ठरव. नाही घेतलंस तरी मला स्तिपेकाकांच्या घरापर्यंत तेवढं सोड. तिथे आत जायची माझी लायकी नाही, पण ओट्यावर बसून राहीन.

ऑरव्हिलचा भोंगा वाजतोय. आयनार खिडकीत उभा आहे, तो मला अडवत नाही, आणि माझ्याकडे बघतही नाही.

तुझी बहीण,
कातारिना विदाकोविच ब्रेक्के,
तुमच्याच गावची