गेटपर्यंत सात मिनिटं

मंगळवार, ९ मार्च

घडलं ते क्रमाने —

१. विमान ११.४० चं. मी आणि बाबा ८.५० ला विमानतळावर.
२. ९.२० ला लाउंजमध्ये. विमान कंपनी स्वस्तातली. लाउंजचे पैसे वेगळे.
३. बाबांना खुर्चीत बसवून मी लाउंज ते गेट अंतर चालून पाहिलं. सात मिनिटं.
४. गेट ११.२० ला बंद होणार. म्हणून ११.१० ला निघालो. तीन मिनिटं हाताशी.
५. पोचलो ११.२६ ला. गेट बंद.

चूक माझी. मी प्रयोगशाळेत दिवसभर दुसऱ्यांची मापयंत्रं तपासते. आणि चालायचं होतं बाबांना, मोजलं माझ्या पायांनी! वाटेत ते चारदा थांबले. "गुडघा गं, गुडघा."

दादाकडे निघालो होतो. बाबांनी लावून दिलेली कारखान्यातली नोकरी त्याने सोडली, तेव्हापासून तीन वर्षं दोघांचा अबोला. त्याची मुलगी आता पाच महिन्यांची. बाबांनी तिला पाहिलेलं नाही. वहिनीचा मला चोरून फोन — "तुम्ही त्यांना आणा, पुढचं मी बघते." दादाला काही माहीत नाही.

लाउंज मुद्दाम घेतला. बाहेरच्या गर्दीत बाबा वैतागून "चल घरी" म्हणाले असते. आत शिरताच म्हणाले, "तिकीट स्वस्त, बूड टेकायचं महाग!" मग दोन वाट्या सूप प्यायले, कागदी रुमाल घडी करून खिशात घातले. आणि बोलायला लागले — आपणहून! बाबा कारखान्यात टाइमकीपर होते. पाळीचा भोंगा त्यांच्या हातात. दादा चार वर्षांचा असताना त्याला कडेवर घेऊन त्यांनी एकदा भोंगा वाजवायला दिला. "स्वतःचे कान सोडून माझे डोळे झाकले लेकाने!" हसले. मग घड्याळाकडे बघत बसले.

बंद गेटसमोर म्हणाले, "नसेल योग." आवाजात वाईट वाटल्याचं काही नव्हतं.

बुधवार, १० मार्च

वहिनीला कळवलं. ती एवढंच म्हणाली, "पाळण्याला नवी चादर घातली होती."

गुरुवार, ११ मार्च

बाबा बॅगेतले कपडे कपाटात लावत होते. नातीसाठी घेतलेला खुळखुळा मात्र बॅगेतच ठेवला. मी पाहिलं. पाहिलं हे दाखवलं नाही.

शुक्रवार, १२ मार्च

कोपऱ्यावरचं दुकान, खिडकीतून दिसणारं. माझ्या चालीने सात मिनिटं — गेटाइतकंच. सकाळी बाबा ब्लेड आणायला निघाले. मी खिडकीतून वेळ मोजली. साडेआठ मिनिटं. वाटेत एकदाही थांबले नाहीत.

दिवसभर प्रयोगशाळेत हाच आकडा डोक्यात. साडेआठ आणि मंगळवारची सोळा. एवढा फरक गुडघ्याचा नसतो. आणि ज्या माणसाचा भोंगा एकतीस वर्षांत एक मिनिट चुकला नाही, त्याचं विमान चुकतं?

संध्याकाळी विचारलं, "गुडघा कसाय?"

"बराय."

"मंगळवारी?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. फिरवला. कपाचा कान आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे.

"तुझं मोजमाप बरोबर होतं," म्हणाले. आणि उठून आत गेले.

राग यायला हवा होता. तीन रात्री मी स्वतःला दोष दिला! पण आज झोप चांगली लागेल असं वाटतंय.

शनिवार, १३ मार्च

बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर बसले. "दादाला निरोप पाठवायचाय. मी सांगतो, तू लिही. तुझी हुशारी घालू नकोस." हाताशी ही वहीच होती. आधी इथे उतरवला, मग फोनवरून जसाच्या तसा पाठवला —

"मंगळवारी तुझ्याकडे यायला निघालो होतो. विमान चुकलं नाही, मी चुकवलं. तू दार लावून घेशील याची भीती वाटली. तू नोकरी सोडलीस तेव्हा मी तुला नको ते बोललो. ते माझं चुकलं. रविवारी, २१ तारखेला, येतो म्हणतो. येऊ का? गुरुवारपर्यंत कळव."