कोठारातला राखणदार

पुगुवान दादा,

तू बागियो शहरात परत गेलास आणि भाताच्या कोठारातला आपला बुलुल नाहीसा झाला. पणजोबांनी कोरलेला, पिकाची राखण करणारा लाकडी देव. येण्याआधी तू फोनवर तीनदा विचारलंस, "इंदुम्नाय, किती जुना असेल गं तो?" जन्मात कधी कोठाराची शिडी चढला नाहीस, आणि या वेळी म्हणे उंदीर बघायला गेलास! मी काय दूधखुळी आहे?

आता ऐक. तू नेलास तो बाजारातला, पर्यटकांना विकतात तसला. तू येण्याआधीच आम्ही तो चुलीच्या धुरात काळा करून कोठारात ठेवला. दर कापणीला डुकराचं रक्त माखून खऱ्याच्या गुडघ्यांवर खपली धरली आहे. तू नुसता हात फिरवला असतास तरी कळलं असतं. खरा माझ्या खाटेखाली आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर खऱ्यासाठी परत येशील. शिवाय ही युक्ती माझी नव्हती, आईची होती. मी तर तुझ्या बाजूने तिच्याशी भांडले.

तू निघताना तिने तुझ्या पिशवीत भाताच्या वड्या भरल्या ना, तेव्हा तळाशी तिच्या हाताला तो बुलुल लागला.  तिने त्यावर आणखी दोन वड्या घातल्या.

तुझीच,
इंदुम्नाय