खालच्या पीसीवर जुनंच दिसतं

१२ नोव्हेंबर, बुधवार

एकशे ऐंशी पीस भंगारात! आणि सगळ्यांसमोर नाव कुणाचं? माझं.

भोक आधी चौदा एमएमचं होतं. नवीन ड्रॉइंगमध्ये साडेबारा झालं. मशीनवर मारलं चौदा. बारीक भोक मोठं करता येतं, मोठं काय बारीक होत नाही. दिपालीताई क्वालिटीला आहे. साडेबाराच्या भोकात जो मापाचा गेज जायलाच नको तो तिच्या हातातून सरळ आत गेला, आणि तिथून आरडाओरडा सुरू.

रविराज सर वरच्या ऑफिसात बसतात, ड्रॉइंग तेच बनवतात. कधी खाली येत नाहीत. आज आले! ‘सोमवारी चार वाजता नवीन फाइल सर्व्हरवर टाकली मी. ही पोरगी मंगळवारी सकाळी प्रिंट काढते, आणि जुनी! जुनी आणली कुठून? डेस्कटॉपवर ठेवून दिली होतीस? का फाइलमध्ये हात घातलास?’

हात घातला!! माझ्या लॉगिनला त्या फोल्डरमध्ये फक्त बघता येतं. बघायचं, प्रिंट काढायची, बस. सेव्ह करायला गेलं की लगेच — परवानगी नाही. फाइलचं नाव पण बदलता येत नाही. हे कुलूप लावलं कुणी? सरांनीच. स्वतः कुलूप लावायचं आणि वर मलाच विचारायचं, आतलं काय उचललंस!

हे सगळं मनात. तोंडातून एक शब्द नाही. सेफ्टी शूजच्या नाडीकडे बघत उभी राहिले. मूर्ख!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आठवड्याची सुट्टी. आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

‘मंग तू काय बोल्लीस?’

काही नाही.

‘मंग त्यांनला खरंच वाटनार की. शाळंत बी आसंच. नववीला तोंडी परीक्षा, तर बाई गप उभी! घरी आली ती परत गेलीच न्हाई. ततं तुझंच नुसकान झालं. हितं दुसऱ्याचं हुईल, बघ.’

मेथीची जुडी फेकावीशी वाटली. फेकली नाही. निवडली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईच्या तोंडात काय आहे कुणास ठाऊक.

ज्ञानेशदादाला ऑफिसातून सांगितलं — एक तारखेपासून येऊ नको. ते मशीन तोच चालवतो, पीस त्याच्याच हातचे. तो कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे सांगणाऱ्याला काही वाटत पण नाही. कंपनीचे मालक साहेबराव शेठ, ते फक्त एवढंच म्हणाले, ‘ऑपरेटरने कोपऱ्यातलं अक्षर बघायला नको? बी आहे का सी?’ प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात अक्षर असतं. बदल झाला की पुढचं अक्षर. नवीन सी होतं. आम्ही लावलं बी.

मला फक्त ताकीद. म्हणे वय लहान आहे!

आणि तो ज्ञानेशदादा! भांड ना राव! ओरड! नुसतं ‘बरं’ म्हणाला आणि मशीन पुसायला लागला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज माझ्या पीसीवर तीच फाइल परत उघडली. बी. अजून पण बी!! सर म्हणतात सोमवारी बदलली. आज शनिवार.

दिपालीताईच्या टेबलापाशी गेले. तिच्या पीसीवर तोच फोल्डर, तेच नाव, तीच फाइल. उघडली — सी!

ती म्हणाली, ‘अगं, हे कसं काय?’ मी तिला म्हटलं, तुला त्या फोल्डरमध्ये लिहिता येतं ना, एक रिकामी फाइल टाक, नाव दे ‘चाचणी’. टाकली. पळत माझ्या पीसीवर आले. चाचणी नाहीच. पाच मिनिटं थांबले, बंद करून चालू केलं. तरी नाही. तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. म्हणजे मी बघते तो सर्व्हर नाहीच! मग काय बघते मी?

‘सरांना सांग जा,’ ती म्हणाली.

तू सांग ना ताई.

‘पीसी तुझा, बोलणी तू खाल्लीस, आणि सांगू मी? वा गं वा! तुला तोंड दिलंय का शोभेला?’

तिचा पण राग आला. मग तिनेच तौसिफभाईला फोन लावला. चिंचवडहून येतो तो, आमचे सगळे पीसी तोच बघतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तौसिफभाई आला. दोन मिनिटांत सापडलं. दोन मिनिटं!

म्हणाला, ‘हे बघ, सर्व्हर वर आहे. प्रत्येक वेळी तिथून आणत बसायला नको म्हणून हा पीसी फाइलची एक कॉपी स्वतःजवळ ठेवतो. नेटवर्कची लाइन चालू असली की आधी सर्व्हरला विचारतो, बदललं का काही? बदललं असेल तर नवीन घेतो. पण इथे कुणीतरी ऑफलाइनचं बटण दाबलंय. तीन तारखेला. तेव्हापासून हा विचारतच नाही. स्वतःच्या खिशातलं दाखवत बसलाय.’

मग कळलं कसं नाही कुणाला?

‘दिवाळीनंतर सगळे जुनेच जॉब चाललेत ना तुमचे. नवीन फाइल आली असती तर दिसलीच नसती, तेव्हाच बोंब झाली असती. जुनी बदलली की काही कळत नाही. ती दिसते, उघडते, प्रिंट पण निघते. सगळ्यात वाईट हेच.’

आणखी म्हणाला, ‘सर्व्हरवरच एक टिक आहे — ह्या फोल्डरची कॉपी कुणाच्याच पीसीवर ठेवायची नाही. मागच्या वर्षीच सांगितलं होतं सरांना. ड्रॉइंगला कॉपी नको म्हटलं. सर म्हणाले, मग लाइन गेल्यावर प्रिंट काय तू हाताने काढून देणार? आता बोल!’

मग त्याने विचारलं, ‘बटण कुणी दाबलं पण?’

मी म्हटलं, माहीत नाही.

खोटं.

मीच दाबलं. तीन तारखेला नेटवर्कची लाइन गेली होती. प्रिंट निघेना, दोन मशीन थांबलेली. वर जाऊन सांगायला पाहिजे होतं. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात सर म्हणाले होते, ‘सारखी काय वर येतेस गं, खाली काही काम नाही का?’ मग कोण जाईल! फोल्डरच्या वर बटण दिसलं, ऑफलाइन काम करा. दाबलं. प्रिंट निघाली. मला एवढा आनंद झाला की बटण परत सोडायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

एक जिना चढायला नको म्हणून. वीस पायऱ्या!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज पण वर गेले नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. इथे पण नाही. आता लिहिते.

आमच्यात जुनी प्रिंट परत घेतल्याशिवाय नवीन द्यायची नाही. जुनीवर रद्दचा शिक्का मारायचा, नवीन मशीनला चिकटवायची. त्या मंगळवारी मी तसंच केलं. ज्ञानेशदादाकडून बी घेतलं, त्यावर शिक्का मारला, आणि दुसरं बी चिकटवलं! तो वाकून बघत म्हणाला, ‘वर्षाली, हे तर तेच वाटतंय गं.’

मी म्हटलं, नवीनच आहे, सर्व्हरवरनं आत्ता काढली.

‘नक्की?’

नक्की.

मी कोपऱ्यात बघितलं पण नाही. पीसी दाखवतो म्हणजे खरंच असणार! त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मशीन चालू केलं.

शेठनी विचारलं तेव्हा तो हे बोललाच नाही. आज चहाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. का नाही बोललास?

हसला. ‘बोललो असतो तर तुला काढली असती. तुला घरी बसवतील, वरनं लग्नाचं बघतील. मला काय, चाकणात कंपन्यांना तोटा आहे का? फाटक बदलायचं, दुसरं काय!’

मला तुझी दया नको, मी म्हटलं. जोरात. सगळ्या कँटीनने वळून बघितलं.

‘आयला, हिला आवाज आहे की!’ तो म्हणाला.

त्याचा राग आला. सरांचा आला. सगळ्यात जास्त माझाच. मी कुणाला सांगितलं होतं मला वाचवायला? माझ्यासाठी दुसऱ्याने घरी बसायचं, आणि मी खाली शिक्के मारत बसायचं!

२० नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. चार ओळी. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘कागूद घरी ठिव. कागूद हातात आसला की तू कागदाकडंच बघशील.’

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वर गेले. सरांना सगळं सांगितलं — बटण मी दाबलं, ज्ञानेशदादाने विचारलं होतं, मी नक्की म्हटलं.

सरांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. ‘माहीत आहे मला. तौसिफने सोमवारीच सांगितलं. ती टिक पण मारून घेतली मी. आता विषय काढू नको, मिटलंय सगळं.’

सोमवारी! आज शुक्रवार! पाच दिवस ह्या माणसाला माहीत होतं! आणि ज्ञानेशदादाची एक तारीख तशीच!

मी खाली आले नाही. शेजारीच शेठचं केबिन. दार ठोठावलं पण नाही, सरळ ढकललं.